टाक्यांचा हिशेब

कोल्हापुरातल्या जुन्या घरांत दारामागच्या खुंटीला दोन वस्तू हमखास लटकलेल्या असत. एक छत्री आणि दुसरी पिशवी. छत्रीला चार महिन्यांचेच काम, पिशवीला मात्र बारमाही चाकरी. लक्ष्मीपुरीतून भाजी आणायची, गिरणीतून दळण आणायचे, अंबाबाईच्या ओटीचे सामान न्यायचे, सगळे तिच्याच पोटात. शिवाय ज्या त्या कामाप्रमाणे तिची जात ठरलेली. पानसुपारीची चंची वेगळी, पैशाअडक्याचा बटवा वेगळा, कमरेचा कसा वेगळा. खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारी ती पडशी आणि गोसाव्याच्या खांद्यावरची ती झोळी. पुढे कवी, कार्यकर्ते आणि प्राध्यापक यांच्या खांद्यावर शबनम आली आणि तिच्यावरून माणसाची मते ओळखण्याची सोय झाली.

मग प्लॅस्टिक आले आणि ही सगळी भावंडे खुंटीवरून उतरली. रिकाम्या हाताने बाजारात जावे आणि दहा पिशव्या घेऊन परतावे, अशी रीत पडली. जयंती नाल्याला पूर आला की त्या दहाच्या हजार झालेल्या दिसत. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी तिची अंमलबजावणी सुरू झाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. बंदीचे काय झाले ते भाजी मंडईत जाऊन ज्याने त्याने पाहावे. पण एक गोष्ट खरी, की कापडी पिशवी परत आली. येताना मात्र ती गरज म्हणून आली नाही, शोभा म्हणून आली. खणाची, इरकलीच्या काठाची, कशिद्याची, गोधडीसारखे टाके घातलेली. बचत गटांच्या प्रदर्शनात आता लोणच्या-पापडाच्या शेजारी तिचे टेबल असतेच.

अशाच एका पिशवीची ही हकिगत आहे. तिच्या वरच्या भागाला वाकळीचे टाके होते, मधोमध भरतकाम होते आणि बूड होते बुचाचे. म्हणजे बाटलीला लावतो त्या बुचाचे. युरोपात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने गेल्या दिवाळीला येताना या बुचाचे कापड आणले. हाताला मऊ, रंगाने भाजलेल्या भाकरीसारखे, वजनाला काहीच नाही. आमच्या सौभाग्यवतींनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "हे अक्कांकडे द्यावं."

अक्का आमच्या पेठेतल्या. वाकळ शिवण्यात त्यांचा हात धरणारे आता आसपास कोणी उरलेले नाही. त्यांच्याकडे ते कापड गेले. पण तिथे जाण्याआधी बुचाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण कोल्हापूरकराला बूच वाटते तितके परके नाही.

आपल्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कारखान्यांतून बुचाचे पत्रे कापून गॅस्केट करीत. तेल गळू नये म्हणून दोन लोखंडी भागांच्या मध्ये ती बसवायची. मैदानावरच्या लेदर बॉलच्या पोटातही बूच असते आणि बॅडमिंटनच्या फुलाच्या टोकालाही. तेव्हा यंत्र आणि खेळ, या कोल्हापूरच्या दोन्ही आवडींत बूच आहेच. रस्त्याकडेला उंच वाढणारे, पावसाळा सरता सरता लांब देठांच्या पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा टाकणारे झाड आपण बुचाचे झाड म्हणूनच ओळखतो. त्या फुलांच्या देठांची वेणी मुली दोऱ्याशिवाय गुंफतात. त्याची साल बुचासारखी भेगाळ आणि मऊ, खऱ्या बुचाच्या जागी हलक्या प्रतीचा माल म्हणून ती वापरतही, म्हणून हे नाव. खरे बूच मात्र वेगळ्या झाडाचे. ते भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या मुलखात वाढणारे एका जातीचे ओक. जगातले निम्म्याच्या आसपास बूच एकटा पोर्तुगाल पिकवतो.

या झाडाची गोष्ट माझ्यासारख्या बँकेत हयात घालवलेल्या माणसाला फार भावते. झाड लावल्यावर साधारण पंचवीस वर्षे त्याला हात लावायचा नाही. मग पहिल्यांदा साल काढायची. ती ओबडधोबड निघते. पुन्हा किमान नऊ वर्षे थांबायचे. दुसरी सालही बाटलीच्या बुचाला चालत नाही. तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाड चाळिशी ओलांडून गेल्यावर, खरा कसाचा माल हाती येतो. आजोबाने ठेव ठेवावी आणि व्याज नातवाने खावे असा हा व्यवहार. साल काढल्यावर झाड मरत नाही, नवी साल धरते आणि दोनशे वर्षेही जगते. कुऱ्हाड चालवणारा माणूस इतका कसबी असतो, की साल सुटते आणि आतल्या खोडाला जखम होत नाही. मग खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने लिहितात, म्हणजे पुढची पाळी केव्हा ते कळते. परवानगीशिवाय हे झाड तोडणे पोर्तुगालात गुन्हा आहे.

ही साल उकळून, सुकवून तिचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढतात आणि सुती किंवा दुसऱ्या अस्तरावर चिकटवतात. ते झाले बुचाचे कापड. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारख्या बंद खोल्या दिसल्या. त्यांना त्याने 'सेल' म्हटले. आपण शाळेत शिकलो ती 'पेशी' ती हीच. त्या बंद खोल्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून बूच हलके, म्हणून ते पाणी शोषत नाही, आणि म्हणूनच दाबले की पुन्हा फुगते. भाजीच्या पिशवीचे बूड ओल्या कट्ट्यावर टेकते, तिथे याहून चांगले काय असणार?

अक्कांनी कापडाला प्रथम नखाने टोकरून पाहिले. मग कोपऱ्यात सुई खुपसून काढली आणि भोकाकडे बघत राहिल्या. भोक बुजले नाही. "हे चामड्याच्या जातीचं हाय," त्या म्हणाल्या. "एकदा टोचलं की टोचलं. उसवायची सोय न्हाई." पुस्तकात वाचून जे कळायला आपल्याला तास लागला असता ते त्यांना एका टोच्यात कळले. त्यामुळे टाचण्या बाद. त्यांच्याऐवजी त्यांनी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावले. मशीनला सोळा नंबरची सुई घातली आणि टाका मोठा केला. बारीक टाका घातला तर भोके जवळ जवळ पडतात आणि तिकीट फाटावे तसे कापड त्या रेषेवर फाटते.

वरच्या भागासाठी मऊ सुती कापडाचे दोन तुकडे घेतले. मध्ये जुन्या धुवट साडीचे दोन पदर, खाली अस्तर. प्रत्येक तुकडा सोळा इंच रुंद आणि बारा इंच उंच भरायला हवा होता, पण अक्कांनी तो चारी बाजूंनी इंचभर जास्त कापला. टाके पडत जातात तसे कापड आखडते. आधीच बेतशीर कापणारी बाई शेवटी रडते. सगळे टाके घालून झाल्यावर कडा सारख्या करायच्या आणि मगच बुचाच्या तुकड्याला जोडायचे. बुचाचा तुकडा वर्तमानपत्राच्या एका पानाएवढा. तो खालून वर दोन्ही अंगांना सहा-सहा इंच चढवला आणि बुडाला चार इंच रुंदी ठेवली. कोपरे आतून तिरके शिवले, म्हणजे पिशवी जमिनीवर बसकण मारून उभी राहते. बंद दोन बुचाचेच, आत सुती पट्टी घालून दोन्ही कडांनी टीप मारलेली. ते जिथे जोडले तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारली. सारा भार तिथेच येतो.

राहिले भरतकाम. अक्कांचे माहेर धारवाडकडचे. त्यामुळे त्यांच्या बोटांत कसुती आहे. इरकलीच्या पदरावर गोपुरे, रथ, हत्ती आणि तुळशीवृंदावने उमटवणारी ही कला. तिला आधी आखणी नसते. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई चालवायची. गवंती टाक्यात जाताना एक घर सोडायचे, येताना ते भरायचे. गाठ मारायची नाही. उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसली पाहिजे. अक्कांनी पिशवीवर एक लहानसे तुळशीवृंदावन काढले आणि भोवती सगळा धावदोरा घातला. वाकळीला घालतात तसाच, कडेकडेने फेर धरीत मध्याकडे जाणारा.

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. हिच्यावर मी एकदा कादंबरीत अर्धे पान लिहिले होते, पण ते पान वाचून कोणाला ऊब आली असेल असे वाटत नाही. सुगी संपली, ऊन चढू लागले की अंगणात वाकळ मांडली जाई. वरून आणि खालून नऊवारी लुगडे, कारण वापरून वापरून त्याच्याइतके मऊ काही होत नाही. मध्ये धोतरे, सदरे, परकर, पोराच्या शाळेचा फाटका शर्ट. ठिगळाला ठिगळ लावून थर बसवायचे, कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवायचे आणि चार बायांनी चार बाजूंनी बसायचे. सुई चाले तसे तोंडही चाले. गावातली सोयरीक तिथे जुळे आणि तिथेच मोडेही. चिंध्यांतून वस्त्र करणारी ही विद्या केवळ आपलीच नाही. बंगालात कांथा आहे, बिहारात सुजनी आहे. बेळगावच्या पलीकडे, उत्तर कन्नडच्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणारे, मूळ आफ्रिकेतून आलेले सिद्दी लोक कवंद शिवतात. तिच्या चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुले बसवल्याखेरीज ती पुरी झाली असे ते मानत नाहीत.

आता वाकळीचा हिशेब मांडू. मला तेच येते. वाकळ सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद धरली आणि दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर ठेवले, तर दोऱ्याच्या सगळ्या ओळी मिळून ७,७७६ इंच होतात. इंचाला चार टाके. म्हणजे ३१,१०४ टाके. एका वाकळीत एकतीस हजार वेळा सुई खाली गेली आणि वर आली. आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण अशा एकतीस हजार टाक्यांखाली झोपले. त्याची किंमत काय झाली? शिवणारी घरची असेल तर काही नाही. शेजारची असेल तर पायलीभर जोंधळे, एखादे जुने पातळ, किंवा "येत जा गं" एवढेच.

हा शून्याचा आकडा मला कागदावरही भेटलेला आहे. १९८० साली एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या तालुक्यांत पोचला आणि बँकांच्या शाखांत शिलाई मशीनसाठी कर्ज मागणाऱ्या बायका येऊ लागल्या. म्हैस आणि मशीन, या दोन प्रकरणांनी आमची टेबले भरलेली असत. प्रकरणासोबत एक तक्ता जोडावा लागे. मशीनची किंमत, कापड, दोरा, सुई, तेल, दुरुस्ती, हप्ता. सगळ्याला रकाना होता. फक्त ती बाई जे तास त्या मशीनवर वाकून काढणार होती, त्यांना रकाना नव्हता. "घरचे मनुष्यबळ" असे लिहून पुढे आडवी रेघ मारली जाई. म्हशीच्या चाऱ्याचा खर्च धरलेला असे, बाईच्या भाकरीचा नसे. तो कार्यक्रम १९९९ साली दुसऱ्या योजनेत विलीन झाला. त्याआधी १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडून दिले होते. बायका आता गटाने येतात, सही करतात, धिटाईने बोलतात. हे फार मोठे झाले. पण त्यांच्या मालाची किंमत ठरताना अजूनही कापड आणि दोरा मोजला जातो आणि तास विसरले जातात.

म्हणून अक्कांची पिशवी पुरी झाली तेव्हा मी वही काढली. सोळा गुणिले बारा इंचाच्या दोन बाजू, अर्ध्या इंचावर ओळी, इथे टाका बारीक म्हणून इंचाला सहा. एकूण ४,६०८ टाके. अक्कांचा हात मिनिटाला पंधरा टाके घालतो, हे मी घड्याळ लावून पाहिले. म्हणजे पाच तास आणि वर थोडी मिनिटे. भरतकामाला तीन तास, कापणे आणि मशीनकाम यांना तीन. झाले अकरा तास. आता मजुरीचा दर कोणता लावायचा? महाराष्ट्राने देशाला रोजगार हमी दिली, तेव्हा तोच दर घेऊ. २०२४-२५ साली तो आपल्या राज्यात दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला सदतीस रुपये. अकरा तासांचे चारशेच्या वर होतात. माती उचलण्याचा दर लावून ही रक्कम येते. कसबाचा एक पैसा अजून धरलेला नाही, कापडाचा नाही, बुचाचा नाही आणि नफ्याचाही नाही.

ही पिशवी सौभाग्यवतींनी एका प्रदर्शनात नेऊन ठेवली. बायका थांबत, हात फिरवत, वास घेत. एकीने विचारले, "हे बूड कशाचं?" बूच परदेशातले आहे म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत किंमत वाढलेली दिसली. मग तिने वरच्या टाक्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "हे काय, गोधडीचंच तर आहे. तीनशेला द्या." मशीनने तासाला किती तरी वार निघणारे बूच महाग आणि पाच तास सुई धरून घातलेला टाका स्वस्त, असा हा हिशेब. त्या बाईंचा दोष नाही. आपण सगळ्यांनी मिळून त्यांना हेच शिकवले आहे.

कोल्हापूरला हा धडा नवा असू नये. चप्पल आपल्या गावच्या नावाने जगभर चालते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात चामडे कमवायचे आणि हाताने शिवायचे, हे कसब पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी सांभाळले त्यांच्या हातात किती पडले, ते त्यांच्या घरांत जाऊन बघावे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चार-चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या कंपनीच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल पुरुषांच्या पायांत दिसली आणि कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. ओरड झाली तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. त्या वेळी आपण सारे रागावलो, आणि रागावणे योग्यच होते. पण परक्याने नाव घेतले नाही म्हणून संतापणाऱ्या आपण घरातल्या वाकळीवर कोणाचे नाव लिहिले होते?

वाकळ आता मागे पडली आहे, त्यालाही कारणे आहेत. सुती नऊवारी नेसणाऱ्या गेल्या. आजच्या पॉलिस्टर साडीची वाकळ निसरडी होते, घाम टिपत नाही. पानिपतची गुबगुबीत ब्लँकेटे स्वस्तात दारावर येतात. अंगण राहिले नाही आणि चार बायांना एकाच दुपारी मोकळा वेळही राहिला नाही. या कारणांना इलाज नाही आणि त्याबद्दल उसासे टाकण्यातही अर्थ नाही. वाकळीची गरज संपली असेल, पण टाक्याची संपलेली नाही. तो पिशवीवर येऊ शकतो, आसनावर येऊ शकतो, बाळाच्या दुपट्यावर तर येतोच. मात्र तो शिकायला एखादी मुलगी अक्कांपाशी बसायची असेल, तर त्या टाक्यावर तिचे घर थोडे तरी चालले पाहिजे. नुसत्या कौतुकावर कोणी सुईत दोरा ओवत नाही.

मध्यंतरी एक व्यापारी अक्कांकडे आला होता. जुन्या वाकळी द्या, त्या कापून मी पिशव्या करतो, परदेशात मागणी आहे, असे म्हणत होता. वाकळीला पैसेही बरे देत होता. अक्कांनी दिल्या नाहीत. मला म्हणाल्या, "वाकळ कापायची न्हाई सायेब. तिच्यात सासूचं लुगडं हाय, दिराचं धोतार हाय. माणसं कापल्यागत वाटतंय. पिशवी पायजे तर नवी शिवून देतो की. पण मग दाम नव्याचं द्या."

त्या पोर्तुगालातल्या कुऱ्हाडवाल्याची आणि अक्कांची गाठ कधी पडणार नाही. पण दोघांना एकच गोष्ट ठाऊक आहे. साल घ्यावी, झाड ठेवावे. कसब विकावे, मूळ ठेव मोडू नये. बँकेत आम्ही ठेवीदारांना हेच सांगत असू, फक्त इतक्या थोड्या शब्दांत सांगता येत नसे.

पिशवी शेवटी साडेनऊशेला गेली. घेणाऱ्या बाईंनी किंमत ऐकून भुवया उंचावल्या, तेव्हा सौभाग्यवतींनी पिशवीला बांधलेली चिठ्ठी त्यांना दाखवली. अक्कांनीच ती शेजारच्या मुलीकडून लिहून घेतली होती. तिच्यावर अक्कांचे पूर्ण नाव होते आणि खाली एक ओळ होती : टाके ४,६०८, तास ११. बाईंनी चिठ्ठी वाचली, पिशवी उलटी करून टाके पाहिले आणि पैसे मोजून दिले. चिठ्ठी सोडवून द्यावी का असे सौभाग्यवतींनी विचारले, तर म्हणाल्या, "राहू दे तशीच."